थोड्या पणाचा डाव : कल्याण ते उळवी

माघी पौर्णिमेच्या सुमारास उळवीला जाण्याचा आमचा परिपाठ जुना आहे. जोयडा तालुक्यातल्या त्या दाट रानात चन्नबसवण्णांची समाधी आहे. धारवाड, बेळगाव, हावेरी, गदग या बाजूंनी सजवलेल्या बैलगाड्या घाटाची वाट धरतात. आपण मराठी माणसे त्या गर्दीत थोडी, पण हल्याळ-सुप्याकडे पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या आपल्या घराण्यांना ही जत्रा परकी कधीच वाटली नाही. २०२४ सालच्या माघात आमच्यासोबत धाकट्या बहिणीचा मुलगाही होता. हुबळीस नोकरी करणारा, हातातला मोबाईल क्षणभर खाली न ठेवणारा. उळवीच्या रानात मोबाईलला धड रेंज नसते. त्यामुळेच तो दोन दिवस आमच्याशी मोकळेपणाने बोलला, असे म्हणण्यास हरकत नाही.

बोलण्याच्या ओघात त्याने सांगितले की, तो मोबाईलवर पैसे लावून पोकर खेळतो. आमची मुद्रा पाहून त्याने लगेच पुस्ती जोडली, “मामा, तुम्हाला वाटतो तसला जुगार नाही हा. मी नेहमी थोडेच पैसे घेऊन बसतो. शॉर्ट स्टॅक म्हणतात त्याला. गेले तर तेवढेच जातात.” त्या वेळी आम्ही त्याला काहीच उत्तर दिले नाही. नोकरीत असताना अर्जदाराचे म्हणणे आधी पूर्ण ऐकून घ्यावे, शेरा नंतर मारावा, अशी सवय लागली होती. ती अजून सुटलेली नाही. परंतु त्याचे ते ‘तेवढेच जातात’ हे शब्द मनात घर करून राहिले. थोड्या भांडवलाने द्यूताला बसणाऱ्या माणसाचे खरोखर काय होते, आणि आपल्या शास्त्रांनी व कायद्यांनी त्याच्याकडे कोणत्या नजरेने पाहिले, याचा शोध घेता घेता जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

प्रथम खेळ समजून घ्यावा लागेल. पोकर हा अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मिसिसिपी नदीच्या काठाने वाढलेला पत्त्यांचा खेळ. आज जो प्रकार सर्वत्र खेळला जातो त्यात प्रत्येकास दोन पाने झाकून मिळतात आणि पाच पाने सर्वांसाठी मिळून उघडी मांडली जातात. पाने उघडत जातात तशा पण लावण्याच्या चार फेऱ्या होतात. प्रत्येक डावाच्या आरंभी दोघांना पाळीपाळीने ठरावीक रक्कम सक्तीने मांडावी लागते. त्यातल्या मोठ्या रकमेला ‘बिग ब्लाइंड’ म्हणतात आणि टेबलावरची सारी मोजदाद तिच्याच मापाने चालते. कॅश गेममध्ये समोरच्या चकत्या म्हणजे रोख पैसेच. मनात येईल तेव्हा उठावे, संपले तर पुन्हा पैसे भरून बसावे. सर्वसाधारण खेळाडू शंभर बिग ब्लाइंड घेऊन बसतो. भाचा वीस घेऊन बसत असे. त्याच्या टेबलावर बिग ब्लाइंड शंभर रुपयांचा, म्हणजे हा बसणार दोन हजारांनी आणि समोरचे दहा हजारांनी.

उळवीच्या त्या मुक्कामात त्याने पत्रावळीवर सुपाऱ्या मांडून आम्हाला हा प्रकार समजावून दिला. पोकरमध्ये एक मूलभूत नियम आहे. डाव सुरू होताना जे टेबलावर आहे तेवढेच पणाला लागते. मध्येच खिशात हात घालता येत नाही आणि कोणी मोठी रक्कम लावली म्हणून थोडक्या पैशाच्या माणसाला डावातून हुसकावताही येत नाही. त्याने आपले सर्वच्या सर्व मांडले की त्याचे काम संपले. समजा आपल्यापाशी २०० रुपये आहेत आणि उरलेल्या दोघांपाशी हजार-हजार. तिघांनीही सारे लावले तर प्रत्येकाच्या दोनशेंचा मिळून ६०० रुपयांचा एक मुख्य ढीग होतो. उरलेले ८०० अधिक ८०० म्हणजे १,६०० रुपये बाजूला वेगळे पडतात, आणि त्यावर त्या दोघांचाच हक्क. आपण जिंकलो तर सहाशे मिळतील, हरलो तर दोनशे जातील. शिवाय आपण पाचही पाने फुकटात पाहतो, आणि ते दोघे बाजूच्या ढिगासाठी झुंजताना त्यातला एखादा पाने टाकून उठला तर आपला एक प्रतिस्पर्धी आयताच कमी होतो. एड मिलर नावाच्या लेखकाने २००५ साली नवशिक्यांसाठी लिहिलेल्या पुस्तकात थोडक्या रकमेने बसावे असाच सल्ला दिला आहे. निर्णय कमी, म्हणून चुकाही कमी. युक्तिवाद खोटा नाही, हे प्रथमच कबूल केले पाहिजे.

हा टेबलावरच्या रकमेचा नियम आम्हाला विशेष लक्षणीय वाटला, कारण आपल्या सर्वांना ठाऊक असलेल्या सर्वांत मोठ्या द्यूतात तो नव्हता. हस्तिनापूरच्या सभेत युधिष्ठिर रत्नांपासून सुरुवात करतो. मग रथ, हत्ती, दासदासी, राज्य, भाऊ, स्वतः, आणि शेवटी द्रौपदी. प्रत्येक वेळी शकुनी विचारतो, आणखी काय आहे? सभेच्या मध्यभागी मांडलेले होते तेवढ्यापुरताच पण, असा दंडक त्या सभेत कोणी घातला असता तर सभापर्वाचा शेवट निराळा झाला असता. द्रौपदीने विचारलेला प्रश्नही मुळात याच जातीचा आहे. जो स्वतःला हरून बसला, त्याच्यासमोर पणाला लावण्यासारखे उरले तरी काय होते? भीष्मांना त्याचे उत्तर देता आले नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले अक्षसूक्त तर याहून जुने. त्यातल्या जुगाऱ्याची बायको दुरावलेली आहे, सासू तिरस्कार करते, ऋण मागायला गेले तर कोणी उभे करीत नाही. तिथेही भांडवल संपले म्हणून माणूस थांबत नाही.

आता कल्याणकडे वळू. वाचकांस स्मरत असेल की उळवीची कथा कल्याणातच सुरू होते. आज बीदर जिल्ह्यात बसवकल्याण या नावाने ओळखले जाणारे हे नगर बाराव्या शतकात आधी चालुक्यांची व नंतर कलचुरी बिज्जलाची राजधानी होते. बसवण्णा बिज्जलाच्या पदरी भांडारी होते. ११६७-६८ च्या सुमारास तिथे जो उत्पात झाला त्यानंतर शरणांची पांगापांग झाली आणि बसवण्णांचे भाचे चन्नबसवण्णा एका जथ्यासह पश्चिमेच्या या रानात आले, अशी परंपरा आहे. उळवीच्या परिसरात अक्क नागम्मांच्या नावाची गुहा दाखवतात. त्या बसवण्णांच्या भगिनी व चन्नबसवण्णांच्या माता.

पण शरणांच्या आधी पन्नास-साठ वर्षे त्याच कल्याणात दुसरा एक मोठा ग्रंथकार राहून गेला. सहावा विक्रमादित्य राज्य करीत असताना विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ टीका लिहिली. इंग्रजी अमदानीतही दाव्यादाव्यांतून जिच्या आधारे वाटण्या झाल्या तीच ही मिताक्षरा. महसूल खात्यात वारसाच्या नोंदी करताना तिचे नाव आमच्या कानांवरून शेकडो वेळा गेले. तिच्या व्यवहाराध्यायात द्यूताचे एक प्रकरण आहे, हे मात्र आम्हाला निवृत्तीनंतर कळले. सरकारी नोकरीतला माणूस आपल्या कामापुरतेच पुस्तक उघडतो, त्याचा हा दाखला.

मनूचे मत सरळ आहे. राजाने द्यूत राज्यातून हद्दपार करावे. याज्ञवल्क्याने दुसरी वाट धरली. जुगार चालणारच, तर तो एका ठिकाणी, राजाच्या माणसांच्या देखरेखीखाली चालावा. फासे, जागा व हिशेब पाहणाऱ्या अड्डेवाल्याला तो ‘सभिक’ म्हणतो. राजाने सभिकाला संरक्षण द्यावे, सभिकाने राजाला ठरलेला भाग द्यावा, आणि हरणाऱ्याकडून वसूल करून जिंकणाऱ्याच्या हाती द्यावे. या कामाबद्दल सभिकाने स्वतःसाठी काय घ्यावे? इथेच आमचे डोळे विस्फारले. ज्याची जीत शंभर वा त्याहून अधिक, त्याच्याकडून शेकडा पाच; इतरांकडून शेकडा दहा. विज्ञानेश्वर ‘इतर’ कोण तेही स्पष्ट करतो. ज्याची जीत शंभरापर्यंत पोहोचली नाही तो, आणि त्याने जिंकलेल्या द्रव्याचा दहावा भाग द्यायचा. म्हणजे थोडक्यावर खेळणाऱ्याला दुप्पट पट्टी.

यामागचे कारण विज्ञानेश्वराने दिलेले नाही. आम्हाला ते प्रशासकीय वाटते. फासे तेच, दिवाबत्ती तीच, भांडण सोडवण्याची डोकेदुखी तीच. डाव मोठा असो की लहान, सभिकाचा खर्च सारखाच. तालुक्यात पाच गुंठ्यांच्या मोजणीला आणि पाच एकरांच्या मोजणीला कारकुनी श्रम जवळपास सारखेच पडतात, हे ज्याने अनुभवले आहे त्याला याचे नवल वाटणार नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मात्र असा भेद नाही. त्याचा द्यूताध्यक्ष जिंकलेल्या द्रव्यावर सरसकट शेकडा पाच घेतो आणि फाशांचे भाडे, जागेचे व पाण्याचे पैसे वेगळे.

बोलीभाषेत या हिश्श्याला नाल म्हणतात. पोकरच्या धंद्यात तिला ‘रेक’ असे नाव आहे. संगणकावरच्या खेळात ती साधारणतः ढिगाच्या शेकडा पाच असते, म्हणजे कौटिल्याचाच दर. परंतु तिला वरची मर्यादा असते. अमुक रकमेच्या पुढे ढीग कितीही वाढला तरी नाल वाढत नाही. परिणाम असा की मोठ्या भांडवलवाल्यांच्या मोठ्या ढिगावर प्रत्यक्ष दर एक-दोन टक्क्यांवर येतो आणि वीस ब्लाइंडवाल्याच्या लहानशा ढिगावर पुरते पाच टक्के बसतात. आठ-नऊशे वर्षांपूर्वी कल्याणात बसून मिताक्षरेने जो भेद समजावून सांगितला, तोच सागरापलीकडच्या संगणक-कंपन्यांनी स्वतंत्रपणे पुन्हा शोधून काढला. भाच्याच्या सुपाऱ्यांच्या मांडणीत ही एक सुपारी नव्हती.

नालीचे महत्त्व नीट कळण्यासाठी थोडे गणित आवश्यक आहे. आम्ही कला शाखेचे पदवीधर, त्यामुळे ते सोपे करूनच मांडतो. हा प्रश्न युरोपात पास्कालने १६५६ साली फेर्माला घातला आणि डच पंडित हायगेन्स याने १६५७ च्या आपल्या फाशांवरील पुस्तिकेत तो शेवटचा कूटप्रश्न म्हणून छापला. दोन खेळाडू, प्रत्येकापाशी बारा सोंगट्या, तीन फासे. चौदा पडले तर एक सोंगटी पहिल्याला, अकरा पडले तर दुसऱ्याला. चौदा पडण्याचे मार्ग १५ आणि अकराचे २७, म्हणजे एकेका खेपेस पाचास नऊ एवढाच फरक. पण बाराच्या बारा सोंगट्या गमावून नागवे होण्याची वेळ आली म्हणजे हा फरक बाराव्या घातापर्यंत चढतो आणि पहिल्याची आशा दुसऱ्याच्या सुमारे ११५७ व्या हिश्श्याएवढी उरते. एका डावातला लहानसा तोटा अनेक डावांत असा फुगतो.

हेच भाच्याच्या टेबलाला लावून पाहू. आपल्यापाशी वीस, समोरच्यापाशी शंभर. खेळ अगदी समान असेल, नाल नसेल, तर समोरच्याचे सर्व जिंकण्याची शक्यता सहात एक. पाच वेळा वीस जातील, एकदा शंभर येतील. हिशेब बरोबर सुटतो. थोडे भांडवल हे स्वतः होऊन पाप नाही. आता नालीमुळे किंवा अन्य कारणाने पारडे किंचित झुकले असे धरा. दर २०० डावांत आपण ९५ जिंकतो व १०५ हरतो. दर वेळी एकच एकक लावत राहिलो तर वीसचे एकशेवीस होण्याची शक्यता सहात एकवरून घसरून पंचवीस हजारांत एक एवढी होते. मात्र प्रत्येक वेळी आहे ते सर्व, किंवा उद्दिष्टाला पुरेल तेवढे, एकदम लावले तर तीच शक्यता सातात एक राहते. पारडे आपल्याविरुद्ध असताना डाव जितके कमी तितके बरे, हे डुबिन्स आणि सॅव्हेज या दोन गणितज्ञांनी १९६५ च्या ग्रंथात सिद्ध केले आहे. थोडक्या रकमेने बसावे आणि संधी येताच सारे एकदम मांडावे, या शॉर्ट स्टॅकवाल्यांच्या रीतीला गणिताचा असा आधार आहे. कुशल माणसाला पोकरमध्ये पारडे आपल्याकडे झुकवता येते हेही खरे. अमेरिकेतील ख्रिस मनीमेकर ८६ डॉलरच्या प्रवेश-सामन्यातून २००३ च्या जागतिक स्पर्धेत शिरला आणि २५ लाख डॉलर घेऊन बाहेर पडला. या एका घटनेने जगभरची तरुण पोरे पोकरकडे ओढली गेली. ख्रिस फर्ग्युसन या खेळाडूने शून्यातून दहा हजार डॉलर करून दाखवले. पण त्याने स्वतःवर घातलेली अट फारशी सांगितली जात नाही. एका टेबलावर आपल्या एकूण भांडवलाच्या शेकडा पाचाहून अधिक घेऊन तो बसत नसे.

म्हणजे टेबलावरची रक्कम थोडी हवी, हे दोघेही सांगतात. पण फर्ग्युसनची मोजणी टेबलावरून नव्हे, घरच्या तिजोरीवरून सुरू होते. आमच्या लहानपणी दिवाळीत माजघरात तीन पत्तीचा डाव बसत असे. आजी प्रत्येकाला एकवीस चिंचोके मोजून देई. ते संपले की उठायचे, उसने घ्यायचे नाहीत, दुसऱ्याच्या मागे बसून सल्लाही द्यायचा नाही. रडणाऱ्याला लाडू मिळे, चिंचोका मिळत नसे. तो खरा शॉर्ट स्टॅक. कॅश गेममध्ये आजी नसते. दोन हजार गेले की बोटाच्या एका स्पर्शाने पुन्हा दोन हजार येतात.

जुगारी पणाची चतुराई आणि भक्ती यांची सांगड घालणारी एक कथा शैव परंपरेत आहे, ती सांगण्याचा मोह आवरत नाही. लिंगायत ज्या त्रेसष्ट पुरातनांना वंदन करतात त्यांत मूर्ख नायनार म्हणून एक आहेत. सेक्किळारने बाराव्या शतकात रचलेल्या ‘पेरियपुराणम्’ मध्ये त्यांचे चरित्र येते. शिवभक्तांना जेवू घालण्यात सारी संपत्ती संपली तेव्हा त्यांनी द्यूताची विद्या वापरली. पहिला डाव थोडक्यावर खेळायचा व मुद्दाम हरायचा. समोरच्याचा हात सैल सुटला की पुढचे सारे जिंकायचे. गावात कोणी खेळायला तयार होईना तेव्हा ते कुंभकोणमला गेले. हरलेला पैसे देईना तर सुरा काढत. मिळकतीला मात्र स्वतः शिवत नसत, ती थेट अन्नछत्रात जाई. बसवण्णांच्या कायक-तत्त्वाशी, म्हणजे श्रमाच्याच भाकरीच्या आग्रहाशी, ही कथा कशी जुळते हा प्रश्न आम्ही उळवीत एका वृद्ध स्वामींना विचारला. ते हसले आणि म्हणाले, त्रेसष्टांत सगळेच अनुकरणासाठी नसतात.

आपल्या मराठीतले उदाहरण याच्या अगदी उलट आहे. म्हाइंभटांच्या ‘लीळाचरित्रा’त, म्हणजे तेराव्या शतकात, भडोचच्या प्रधानपुत्र हरिपाळदेवांची हकीकत आहे. द्यूतात ते हरले, देणे झाले, म्हणून त्यांनी पत्नी कमळाइसांकडे अंगावरचे अलंकार मागितले. कमळाइसांनी नकार दिला. त्या नकाराने हरिपाळांचे मन संसारातून उडाले, रामटेकच्या यात्रेच्या निमित्ताने त्यांनी घर सोडले, आणि पुढे ते श्रीचक्रधर म्हणून ओळखले गेले. मराठी गद्याच्या पहिल्या मोठ्या ग्रंथाच्या आरंभी जुगाराचे देणे आणि बाईचे दागिने आहेत, याकडे आमचे लक्ष इतक्या वर्षांत कधी गेले नव्हते. ते का गेले, हे पुढे येईल.

कायद्याची हकीकत थोडक्यात सांगतो. उत्तर कानडा जिल्हा १८६२ साली मद्रासकडून मुंबई इलाख्यात आला, त्यामुळे सुप्याच्या या रानालाही १८८७ चा मुंबई जुगारबंदी कायदा लागू झाला. १९५६ साली जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि १९६३ च्या पोलीस कायद्यात जुगाराची कलमे आली. या दोन्ही कायद्यांनी निव्वळ कौशल्याच्या खेळाला वगळले आहे. सारा खल मग कौशल्य किती आणि दैव किती, यावरच झाला. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे चमारबागवाला प्रकरण आले. बंगळूरला छापल्या जाणाऱ्या व मुंबई राज्यात खपणाऱ्या साप्ताहिकातल्या शब्दकोड्यांच्या बक्षिसांचा तो वाद. सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांनी त्या निकालात ऋग्वेदापासून मनू, याज्ञवल्क्य व कौटिल्यापर्यंत सर्वांचा परामर्श घेतला आणि जुगार हा मुळी व्यापारच नव्हे असे ठरवले. १९६७ साली रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरला. पोकरबद्दल कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१३ साली अनुकूल आणि गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ साली प्रतिकूल मत दिले. शेजारच्या गोव्याने तर १९९० नंतरच्या दशकात कायद्यात दोनदा बदल करून आधी पंचतारांकित हॉटेलांत यंत्रे आणि मग नौकांवर टेबले चालू दिली. अनमोडच्या घाटाखाली जे सुखेनैव चालते ते घाटावर गुन्हा, अशी आपल्या या सीमेवरची नित्याची गंमत.

कर्नाटकाने ऑक्टोबर २०२१ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. ती उच्च न्यायालयाने १४ फेब्रुवारी २०२२ रोजी रद्द केली. मधल्या काळात सरकारने आपला भाग मात्र वाढवला. एप्रिल २०२३ पासून निव्वळ जिंकलेल्या रकमेवर तीस टक्के कपात आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या प्रत्येक ठेवीवर २८ टक्के जीएसटी आला. दोन हजार रुपये भरले तर त्यात सुमारे ४३७ रुपये कराचे. याज्ञवल्क्याचा राजा इतका अधीर नव्हता. तो सभिकाच्या हिश्श्यातून आपला भाग घेत असे, खेळाडूच्या मूळ पणातून नव्हे. या साऱ्या खटल्यांत एक गोष्ट मात्र कोणी फारशी विचारली नाही. माणूस किती घेऊन बसला, आणि किती वेळा? मिताक्षरेने निदान लहान खेळाडू व मोठा खेळाडू असा भेद तरी केला, मग तो लहानाच्या विरुद्ध का असेना.

आता भाच्याकडे परत येतो. उळवीच्या त्या जत्रेनंतर वर्षभराने, २०२५ च्या उन्हाळ्यात, आमची बहीण घरी आली. तिच्या हातात पाटल्या नव्हत्या. विचारल्यावर म्हणाली, पतपेढीत ठेवल्या आहेत, पोराला जरा अडचण होती. तिने कमळाइसांसारखा नकार दिला नव्हता. आईच ती.

आम्ही भाच्याला बँकेचे खातेउतारे घेऊन बोलावले. चाळीस वर्षे हिशेब तपासल्यावर हाताला वळण पडलेले असते, म्हणून रागावण्याऐवजी आधी बेरीज केली. चौदा महिन्यांत त्याने दोन-दोन हजार २१४ वेळा भरले होते. एकूण ४,२८,००० रुपये. परत आले २,९१,५००. फरक १,३६,५००. एका खेपेस दोन हजारांहून अधिक त्याने कधीच पणाला लावले नव्हते. त्याने उळवीत आम्हाला सांगितलेला शब्दन्‌शब्द खरा होता. काही दिवशी दोनाचे चार करून तो उठला होता, पुस्तकात लिहिल्याप्रमाणे. काही रात्री मात्र एकाच बैठकीत सहा-सहा वेळा पैसे भरलेले होते, आणि त्या नोंदींच्या वेळा पहाटेच्या दोन-तीनच्या होत्या. उतारा पाहताना तोच म्हणाला, “मामा, ही बेरीज मी कधी केलीच नव्हती. दर वेळी वाटायचे, दोनच तर आहेत.”

आम्ही त्याला मिताक्षरेतला तो श्लोक काढून दाखवला. त्याने नालीचा हिशेब स्वतःच करून पाहिला. तो हुशार आहे, गणितात आमच्याहून कितीतरी पुढे. नाल आणि कर वजा केले तर आपला खेळ जवळजवळ बरोबरीत सुटत होता, असे त्याचे म्हणणे पडले. असेलही. आम्हाला ते पडताळून पाहता आले नाही आणि त्याने पतपेढीचे व्याज कमी होणार नव्हते.

त्यानंतर थोड्याच महिन्यांनी केंद्र सरकारचा ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा झाला. २२ ऑगस्ट २०२५ रोजी त्यावर राष्ट्रपतींची संमती झाली. कौशल्य की दैव हा शंभर वर्षांचा घोळ बाजूला ठेवून पैसे लावण्याचा प्रत्येक ऑनलाइन खेळ त्याने निषिद्ध ठरवला. शिक्षा चालवणाऱ्याला व जाहिरात करणाऱ्याला, खेळणाऱ्याला नव्हे. मोठ्या कंपन्यांनी त्याच आठवड्यात पैशाची टेबले बंद केली. काहींनी न्यायालयाची वाट धरली. संसदेने याज्ञवल्क्य सोडून मनू पत्करला, असे आम्ही आमच्या वाचन मंडळात म्हटले, तेव्हा एका वकील स्नेह्यांनी हरकत घेतली की मनू खेळणाऱ्यालाही सोडत नाही. हरकत रास्त आहे.

भाच्याच्या खात्यात त्या दिवशी १,१८० रुपये शिल्लक होते. ते आठ दिवसांनी बँकेत जमा झाले आणि त्याने ते आईच्या कर्जखात्यात भरले. पाटल्यांपैकी एक दिवाळीपूर्वी सुटली. दुसरीचे हप्ते तो दरमहा पाच तारखेला भरतो आणि पावती आम्हाला आणून दाखवतो.